हा कर बघू

मे महिना लागला की महाडच्या बाजारात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, येतात. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतल्या बायका पाट्या घेऊन सकाळच्या एसटीने उतरतात आणि सावली बघून बसतात. मी एकेक फळ नाकाशी धरून निवडते, त्यामुळे त्या मला ओळखून आहेत. "रातांबं हायत गो बाय, हुंगतेस काय एवढी?" असं त्यांच्यातली एक दरवर्षी म्हणते. मी हसून वेळ मारून नेते. हुंगायची खोड मला फार जुनी आहे, आणि तिने माझं जे नुकसान केलं ते बाजारात उभं राहून सांगण्यासारखं नाही.

घरी आणून रातांबे धुवायचे, पुसायचे, बिया काढून टाकायच्या. सालीच्या वाट्यांत साखर भरून काचेच्या बरणीत थर लावायचे, तोंडाला फडकं बांधायचं आणि आठ-दहा दिवस उन्हात ठेवायचं. लाल, दाट रस सुटतो. आम्ही त्याला अमृत कोकम म्हणतो. मला स्वतःला मधुमेह आहे, तेव्हा ते माझ्या घशासाठी नसतं. बिरवाडीला एका खोलीत दर रविवारी सकाळी ख्रिस्ती प्रार्थना होते आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीने पोळीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा प्याला वाटून घ्यायचा विधी. त्या प्याल्यासाठी हे कोकम. त्या खोलीत बसणाऱ्यांपैकी निम्मे दारू सोडलेले किंवा सोडू बघणारे आहेत, त्यामुळे तिथे द्राक्षारसाचं नावही काढत नाहीत. साखर मी आईच्या मापाने घालते, एका वाटीला दोन वाट्या. वर एक मूठ जास्तीची. ती मूठ मला उशिरा आलेल्या शहाणपणाची.

माझा भाऊ माझ्याहून दहा वर्षांनी लहान. पोलादपूरच्या वर डोंगरात पंधरा-वीस उंबऱ्यांची आमची वाडी. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मी शिक्षिकेच्या प्रशिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला. वडील मुंबईत गोदीवर कामाला, गणपतीला आणि शिमग्याला दिसायचे. मला महाडला नोकरी लागली तशी मी त्याला बरोबर घेऊन आले. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. महाडात तळमजल्यावर बिऱ्हाड करणारा एक तर परका असतो, नाही तर त्याने सावित्रीचा पूर बघितलेला नसतो.

दात घासायचा त्याला भारी कंटाळा. म्हणून शाळेला निघायच्या आधी मी त्याला उंबऱ्यात उभा करायचे आणि म्हणायचे, "हा कर बघू." तो तोंड वासून माझ्या नाकावर गरम वाफ सोडायचा. राखुंडीचा वास आला तर पास. गूळ चोरला असेल, करवंदं चापली असतील, शेजारच्या काकूंकडे माशाचं कालवण ओरपून आला असेल, मला सगळं वासावर कळायचं. त्यालाही त्याची गंमत वाटायची. कधी मुद्दाम कच्चा कांदा खाऊन यायचा, माझ्या तोंडावर "हाऽऽ" करायचा आणि जिन्यावरून धूम ठोकायचा. ते दिवस मला इतके हवे आहेत की कांदा चिरताना अजून रडू येतं. कांद्यापुढे सगळेच रडतात, त्यामुळे कुणाला संशय येत नाही.

दहावीला गणितात गचकला आणि मुंबईला गेला. तिथे एका कॅन्टीनमध्ये आधी भांडी, मग भाजी, मग सगळा स्वयंपाक त्याच्या हाती आला. हाताला चव होती. पळी तळहातावर टेकवून थेंब चाटायचा आणि काय कमी आहे ते सांगायचा. पंधराएक वर्षांनी परत आला तो दारू घेऊनच. एक ठरलेलं लग्न त्यात मोडलं. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे पॅकिंगला लागला आणि बिरवाडीत खोली करून राहिला. मी म्हटलं होतं, माझ्याकडे राहा. "तुझ्याकडं श्वास घ्यायची पण चोरी," तो म्हणाला. खोटं नव्हतं ते.

पिणाऱ्याच्या घरातल्या बाईला डोळ्यांच्या आधी नाक वापरायची सवय लागते. तो दारात आला की ती त्याचा चेहरा बघत नाही, वास घेते. मला तर ती सवय आधीपासूनची. लहानपणचं "हा कर" मी तसंच पुढे चालू ठेवलं, फक्त त्यातलं हसू गेलं.

शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा तो झोकांड्या खात आला आणि माझ्या वर्गातल्या मुलींचा कोळीनाच चालू असताना मंचावर चढून त्यांच्यात नाचला. पालक हसले. मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मी चाळिशी ओलांडलेल्या त्या माणसाला कान धरून खाली उतरवलं आणि फाटकाबाहेर काढलं. पुढे कितीतरी दिवस वर्गात पाठ फिरवून फळ्यावर लिहिताना मागे कुणी खुदकन हसलं की ते त्यावरच हसताहेत असं मला वाटायचं. मी त्याच्यावर माया करत होते आणि त्याचा मला राग राग येत होता. दोन्ही एकदम करता येतं.

आणि मग ती भाऊबीज. मी ताट तयार केलं होतं, निरांजन लावलं होतं, करंज्या काढून ठेवल्या होत्या. सकाळी अकराच्या सुमारास तो कठडा धरत धरत जिना चढून आला. मी म्हटलं, "हा कर." त्याने केलं. मी निरांजनावर फुंकर मारली. आमच्या आईने कधी दिवा फुंकला नव्हता, पदराच्या वाऱ्यानेसुद्धा विझू द्यायची नाही. मी सरळ फुंकला. "मला भाऊ नाही," असं म्हणून दार लावून घेतलं. दुपारपर्यंत तो पायरीवर बसला असावा. मी दार उघडलं तेव्हा गेला होता. पायरीवर एक नारळ होता आणि अबोलीचा एक गजरा, कोमेजलेला.

त्यानंतर महिनाभर दिसला नाही. दिसला तेव्हा शुद्धीत होता, दाढी केलेली, शर्टाची सगळी बटणं लागलेली. बरोबर त्याच्या शेजारच्या खोलीतला माणूस होता, नगरकडचा, त्याच कारखान्यात बॉयलरवर कामाला. जन्माने ख्रिस्ती, पण पंधरा वर्षं दारूत बुडालेला आणि मग बाहेर आलेला. त्याने माझ्या भावाला आधी सरकारी दवाखान्यात नेलं होतं, अंगाची थरथर थांबेपर्यंत उशाशी बसला होता आणि मग आपल्या खोलीतल्या रविवारच्या प्रार्थनेला नेलं होतं. त्यांच्यात एक रीत आहे. देवाची माफी कुठेही बसून मागावी, पण माणसाची त्याच्या दारात जाऊन, तोंडाने मागावी. त्या रीतीला धरून तो माझ्या दारात आला होता.

"ताई," तो म्हणाला, "मी तुला लय दुखवलंय. मला माफ कर."

तेव्हा मला नोकरीत पस्तीस वर्षं होत आली होती. नुसत्या शब्दावर मी कधी कुणाला वरच्या वर्गात घातलं नव्हतं. मी म्हणाले, "बघू. वर्षभर टिकलास तर. पुढच्या भाऊबीजेला ओवाळीन."

त्याला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. पण त्याचा चेहरा उजळला. "चालंल," तो म्हणाला. "वर्षानं ओवाळशील ना? नक्की?" नगरकडचा माणूस काहीतरी बोलणार होता, पण त्याने नुसती मान हलवली. मी मात्र मनात म्हटलं, बरोबर केलंस बाई, सूट दिली की मुलं बिघडतात.

तेव्हापासून दर रविवारी प्रार्थना झाली की तो माझ्याकडे जेवायला यायचा. जिना चढून उंबऱ्याबाहेर थांबायचा, चपला काढायचा आणि मी काही म्हणायच्या आत तोंड उघडून "हाऽऽ" करायचा. मी वास घ्यायचे आणि बाजूला सरायचे. असं नऊ महिने. एकदाही वास आला नाही. आणि आता हे नको करूस, असं एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही.

त्याच्या आग्रहाखातर मी बिरवाडीला गेले, तीही तपासणीला जावं तशी. एक लहानशी खोली, खाली चटया, कोपऱ्यात गॅस आणि मोरी. आठ-दहा माणसं, काही मराठवाड्यातली, एक बिहारचा, बाकी नगर बाजूची. कोकणातले आम्ही दोघंच. टाळ्यांच्या ठेक्यावर भजनासारखी गाणी म्हणत होते. देव बदलला म्हणून माणूस बदलतो होय, असं म्हणत मी दाराशी बसले. मग साक्ष देण्यासाठी माझा भाऊ उभा राहिला. त्यांच्यात देवाने काय केलं ते असं उभं राहून सांगतात. तो एवढंच म्हणाला, "मी आज नाय प्यायलो. उद्याचं मला ठाव नाय. उद्याचं येशूला ठाव हाय." आणि बसला. मला हुंदका आला. मिनीडोर रिक्षात त्याच्या शेजारी बसून महाडला येताना मी त्याला हे सांगायला हवं होतं. मी त्याला सांगितलं की शर्टाची कॉलर विरली आहे.

पुढे मी जात राहिले. त्या खोलीत मला कुणी विचारलं नाही की तू कोण, कशाला आलीस. प्याला मात्र मी घेत नव्हते, माझा बाप्तिस्मा झाला नव्हता. त्यांच्या प्याल्यात काळ्या मनुका उकळून काढलेलं पाणी असायचं. एप्रिलच्या शेवटी मी जाहीर केलं की कोकणात राहून मनुका कसल्या उकळता, यंदा मी अमृत कोकम करून आणते. भावाने माझ्याकडे पाहिलं. "आय करायची तसं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, हो. माफी द्यायला मला वर्ष हवं होतं, पण कोकम द्यायला काय हरकत होती? ज्या हाताला ओवाळता येत नव्हतं त्या हाताने मी रातांबे चिरत होते.

फक्त साखर मी निम्मी घातली. मला मधुमेह, नगरकडच्या त्या माणसाच्या बायकोला मधुमेह, आणखी एकाला. आईच्या काळी लोक डोंगर चढायचे, त्यांना पचायची एवढी साखर, असा मी विचार केला. विज्ञान शिकवणारी बाई मी. साखर कमी पडली तर फळाचं काय होतं ते मीच सातवीला शिकवायचे.

जून, जुलै बरे गेले. मग श्रावण लागला आणि ऑगस्टचा पहिला रविवार आला. बाहेर पाऊस, भिंतींना ओल. फडक्याखाली प्लॅस्टिक आवळलेली बरणी मी मांडीवर घेऊन मिनीडोरने बिरवाडीला गेले आणि मोरीजवळ भावाच्या हाती दिली. प्याला तयार करायचं काम त्याचंच असायचं, कॅन्टीनचा माणूस म्हणून. मी माझ्या जागी, दाराशी बसले. गाणी झाली, प्रार्थना झाली, बिनखमिराच्या पोळीचे तुकडे वाटले गेले. मग भाऊ स्टीलच्या छोट्या वाट्यांचं ताट घेऊन आला. प्रत्येकाने वाटी उचलली आणि आत बघितलं. आत पाणी होतं, साधं.

"कोकम सांडलं," तो म्हणाला. "पाणी हाय."

मग नगरकडच्या माणसाने डोळे मिटले, पाण्यावर आभाराची प्रार्थना केली आणि सगळ्यांनी ते पाणी घेतलं. मी तिथे धुमसत बसले होते. माझं कोकम. आईचं कोकम. प्रार्थना संपायच्या आत भाऊ बाहेर निघून गेलेला मला दिसला.

तो मिनीडोरच्या थांब्यावर उभा होता, पावसात. माझी वाट बघत होता. मला बघून पुढे आला. "ताई, त्या कोकमाचं जरा बोलायचं व्हतं."

"सांडलंस ना? एक काम दिलं होतं तुला."

"सांगतो ना. जरा हिकडं ये, बाजूला."

का कोण जाणे, त्या 'बाजूला'चा मला संशय आला. "हा कर," मी म्हणाले.

मिनीडोरमध्ये माणसं भरलेली होती. त्यांत माझ्या शाळेचे पालक होते. त्याने त्यांच्याकडे पाहिलं. "हितं नको, ताई."

"हा कर म्हणते ना!"

त्याने केलं. आणि वास आला. आंबूस, उग्र, माझ्या ओळखीचा.

मी काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, हे बोलले. नऊ महिने मला आणि देवाला फसवलंस, हेही बोलले. "मी नाय प्यायलो, ताई," तो एकदाच म्हणाला. मग आणखी काही सांगायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या मागून खोलीतली माणसं छत्र्या घेऊन येताना त्याला दिसली. त्याने तोंड मिटलं. "बरं, ताई," म्हणाला, रस्ता ओलांडला आणि हायवेकडे जाणाऱ्या गाडीत बसला.

दोन दिवसांनी नगरकडच्या माणसाची बायको बाजाराला आली ती माझी बरणी घेऊन. "बाई, तुमची बरणी मोरीपाशीच राहिली. अर्धं कोकम हाये अजून. फडकं लई फुगलंय वरून." ती खाली उतरली आणि मी ओट्याशी उभी राहून फडक्याची गाठ सोडली. फस्सकन फेस वर आला. त्यामागून वास आला. तोच.

मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. सगळं समोर दिसायला लागलं. नेहमीच्या सवयीने त्याने पळी तळहातावर टेकवली असणार आणि थेंब चाटला असणार. नऊ महिन्यांनी जिभेवर तो पहिला थेंब, आणि तो माझ्या हातचा. खोलीतल्या कुणी माझ्या बरणीआधी जन्मात कोकम चाखलं नव्हतं. मुरलं की कोकम असंच लागतं म्हणून ते सगळे प्यायले असते, सोडलेले आणि सोडू बघणारे. एकट्याला कळलं. त्याने केलेलं सगळं सरबत मोरीत ओतलं, अंगावर उडालं ते उडालं, आणि सांडलं म्हणून सांगितलं. बाईंनी प्रभूच्या प्याल्यात दारू आणली, असं चारचौघांत कुणी म्हणू नये म्हणून. ते मला एकटीला सांगायला तो पावसात उभा होता. आणि मी त्याच चारचौघांत त्याचं तोंड हुंगलं.

मी तशीच बिरवाडीला गेले. त्याच्या खोलीला कुलूप. त्याने रविवारी रात्रीच परत येऊन कपडे भरले होते. नगरकडच्या माणसाने कारण विचारलं तर म्हणाला होता, "ताईला काय बोलू नका." फोन बंद.

भाऊबीज आली. वर्ष पुरं झालं होतं की नव्हतं, मला ठाऊक नव्हतं, आणि पहिल्यांदाच त्याने काही फरक पडत नव्हता. मी ताट करून दारात बसले. निरांजन वाऱ्याने विझलं की पुन्हा लावत होते. जिन्यावर पाऊल वाजलं की उठायचे. दूधवाला आला, वरच्या मजल्यावरच्या मुली आपल्या भावांना घेऊन आल्या आणि करंजी खाऊन गेल्या. दुपारी मी ताट उचललं.

शोधायचं तितकं शोधलं. मुंबईत जुन्या कॅन्टीनमध्ये विचारलं. पुढच्या उन्हाळ्यात एका ओळखीच्या कंडक्टरने सांगितलं की रायगडाच्या पायथ्याला, हिरकणीवाडीत एका टपरीवर तुमचा भाऊ झुणका-भाकर करताना दिसला. मी पहिल्या गाडीने गेले. रोपवेला आलेल्या लोकांची गर्दी होती. टपरीवाली माझ्याच वयाची. "व्हता गो बाय," ती म्हणाली. "दोन म्हयने व्हता. चांगला हात त्याचा. गेला मागच्या आठवड्यात."

मी विचारलं, "पीत होता का?"

तिने भाकरी उलटली आणि माझ्याकडे बघितलं. "बाय, तू भावाला शोधतेस का बाटलीला?"

तो कुठे निजायचा, नीट जेवायचा का, पायात चप्पल होती का, यातलं काही मी विचारलं नव्हतं. तिने मला बसायला लावून भाकरी वाढली. मी ती खाल्ली, कारण त्या चुलीवर तो बसला होता.

पुढच्या रविवारी मी बिरवाडीच्या खोलीत उभी राहिले आणि कोकमाचं सगळं सांगितलं. पोरांची चूक असली की त्यांना वर्गासमोर उभं करणारी मी, मला ते किती जड गेलं सांगता येत नाही. मराठवाड्यातल्या एका माणसाने, ज्याची दारू तीनदा सुटून चौथ्यांदा सुटली होती, उठून मला पाणी दिलं. नंतर नगरकडचा माणूस माझ्याजवळ येऊन बसला. त्या दिवशी माझ्या दारात गिळलेलं वाक्य त्याने आता सांगितलं. "बाई, राग मानू नका. माफी परीक्षेनंतर द्यायची नसती. आधी द्यायची असती. मंग माणूस परीक्षेला बसतो. आम्हाला तशी भेटली म्हणून आम्ही हितं हाओत."

मी घरी आले आणि पहिल्यांदा स्वतःहून, कुणी न सांगता, गुडघ्यावर बसले. येशूला काय म्हणायचं असतं मला ठाऊक नव्हतं. "तो आज जिथे असेल तिथे त्याला जेवायला मिळू दे," एवढंच म्हटलं. पुढच्या थंडीत सव गावाच्या बाजूला सावित्रीच्या पाण्यात माझा बाप्तिस्मा झाला. पाणी बर्फ होतं. बाप्तिस्मा द्यायला आलेल्या पाळकसाहेबांना मी विचारलंही, एवढी गरम पाण्याची कुंडं शेजारी असताना आपण इथे का बुडतोय? शाळेत कुणी म्हणालं, बाई बाटल्या. म्हटलं, बाटलीपासून लांब राहिले म्हणजे झालं. सगळे हसले, मीही हसले. पण पाण्यातून वर येताना मी काठावर त्याला शोधत होते.

तीन वर्षं गेली. मी निवृत्त झाले. दर मे महिन्यात कोकम करत राहिले, आईच्या मापाने आणि एक मूठ जास्त. दर भाऊबीजेला ताट केलं. माझं मागणं हळूहळू लहान होत गेलं. आधी म्हणायचे, त्याची दारू सुटू दे आणि तो येऊ दे. मग म्हणायला लागले, येऊ दे.

तो आला मंगळवारी, मे महिन्यात, भर दुपारी. बरणी खिडकीतल्या उन्हात होती, मी पंख्याखाली पडले होते. जिन्यावर पाऊल वाजलं, मध्ये थांबलं, पुन्हा वाजलं. मी दार उघडलं. केस पांढरे झाले होते. गालफडं बसली होती. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्याने चपला काढल्या, माझ्याकडे न बघता जवळ आला आणि सवयीने तोंड उघडलं.

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि स्वतःचा श्वास कोंडून धरला. तो दचकला. त्याची दाढी माझ्या तळव्याला टोचत होती. डोक्याने आत खूण केली आणि त्याला ओढूनच आत घेतलं. खुर्चीवर बसवेपर्यंत मी श्वास घेतला नाही.

घरात नारळ नव्हता, करंजी तर नव्हतीच. वाटीत तूप आणि वात, ताटात सुपारी आणि साखर. मे महिन्यातल्या त्या दुपारी मी त्याला ओवाळलं. ज्योत विझू नये म्हणून पंखा आधीच बंद केला होता. मग मी म्हटलं, "बरणी मी उघडली होती रे."

"ठाव हाय. उघडशीलच, आन् तुझी खाली गेलेली मान बघवली नसती, म्हनून गेलो."

"मला माफ कर."

त्याने ताटातली साखर चिमटीत घेऊन तोंडात टाकली. मग त्याच्या त्या बसलेल्या गालांवर कांदा खाऊन आलेल्या पोराचं हसू आलं. "बघू," तो म्हणाला. "वर्षभर टिकलीस तर."

मी हसले आणि हसता हसता ओक्साबोक्शी रडले. कांदा नसताना.

चार दिवस राहिला आणि गेला. पनवेलच्या पुढे कुठल्याशा मेसमध्ये स्वयंपाक करतो म्हणाला. कधी दर आठवड्याला फोन येतो, कधी दोन-दोन महिने येत नाही. न येणाऱ्या महिन्यांत माझं कशात लक्ष लागत नाही. पाऊल वाजलं की अजून उठते. गेल्या वर्षी एका पहिल्या रविवारी अचानक बिरवाडीला उगवला. बरणीतलं कोकम तळहातावर चाखलं, मला मान डोलावून दाखवली आणि आम्ही दोघांनी शेजारी बसून प्याला घेतला. यंदा अजून आलेला नाही.

लोक विचारतात, त्या दिवशी आला तेव्हा सुटली होती का हो त्याची? तुम्हाला तर वासावर कळतं. मला नाही माहीत. मी श्वास धरून उभी होते.